उजव्या बाजूची सही

महाल भागातल्या भुसारी फराळ भांडारात एकोणीस वर्षं सांबारवडी करणाऱ्या इंदूबाई पराते यांना एका मंगळवारी रजिस्टर पोस्टाने कळलं, की पुढची तीन वर्षं नागपूरच्या सभोवार शंभर किलोमीटरच्या आत त्यांना सांबारवडी करता येणार नाही. नोटीस भुसाऱ्यांच्या वकिलाची होती, आणि इंग्रजीत होती. मुलगी मेघा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती, तिने ती वाचून सांगितली. इंदूबाईंनी राग, रडू वगैरे काही आणलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की शंभर किलोमीटर म्हणजे कुठपर्यंत.

मेघाने मोबाइलवर पाहिलं. उमरेड आत, भंडारा आत, वर्धाही आत. अमरावती बाहेर.

"म्हणजे अमरावतीले चालते," इंदूबाई म्हणाल्या. "पण अमरावतीचे लोक तर इथूनच घेऊन जातात."

पुण्यामुंबईकडचं कोणी वाचत असेल, तर त्याने सांबार म्हणजे इडलीशेजारची वाटी समजू नये. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ते निवडायचं, धुवायचं, पंख्याखाली कोरडं करायचं, बारीक चिरायचं, त्यात खसखस, खोबरं आणि प्रत्येक घराचा आपला एक गुप्त मसाला घालायचा, बेसनाच्या पातळ पारीत गुंडाळायचं आणि तळायचं. वरवर सांगितलं तर एवढंच आहे. भुसाऱ्यांकडे ते रोज सातशे नगांच्या हिशेबाने होत असे, आणि त्यातल्या प्रत्येक नगाची घडी इंदूबाईंच्या बोटांनी घातलेली असे. हिवाळी अधिवेशनाला आलेली माणसं विधानभवनात काय बोलतात ते पेपरात येतं. ती संध्याकाळी महालात काय खातात ते इंदूबाईंना ठाऊक असे.

मग त्यांनी ही नोकरी सोडली ती का? त्याचं कारण सौरव.

सौरव हा मालक गोपाळराव भुसारी यांचा पुतण्या. तो एमबीए करायला गेला तेव्हा पुतण्या होता, परत आला तेव्हा ऑपरेशन्स झाला होता. त्याने आल्याबरोबर भट्टीवरच्या लोकांना निळे टी-शर्ट दिले. इंदूबाईंना त्याने प्रॉडक्शन असोसिएट केलं. इंदूबाईंनी साडीवरून टी-शर्ट घालून पाहिला आणि तो पोळपाट पुसायला बरा आहे असं मत दिलं. इथपर्यंत सगळं हसतखेळत होतं. मग उन्हाळ्यात सांबार महागलं, तेव्हा सौरवने एक तक्ता काढला आणि त्यात असं सिद्ध केलं, की सारणात निम्मं सांबार आणि निम्मी बारीक चिरलेली पत्ताकोबी घातली तर गिऱ्हाइकाला कळत नाही. गिऱ्हाइकाला खरंच कळलं नाही, कारण पहिले चार दिवस इंदूबाईंनी तक्त्याकडे पाठ करून पूर्ण सांबारच घातलं. पाचव्या दिवशी सौरव स्वतः भट्टीपाशी येऊन उभा राहिला.

इंदूबाईंनी उन्हाळा, पावसाळा आणि गणपती काढले. दिवाळीची गर्दी संपवून दिली, कारण भर दिवाळीत सोडणं त्यांना शोभलं नसतं. मग त्यांनी मेघाकडून चार ओळींचं पत्र लिहून घेतलं: 'आपला आणि माझा कामाचा संबंध आजपासून एक महिन्याने संपत आहे.' गोपाळरावांना ते पत्र वाचून खरंच वाईट वाटलं. त्यांना सगळे काकाजी म्हणत, आणि ते होतेही काकाजीच. तब्येतीने भरलेले, मनाने मऊ आणि पुतण्यापुढे मुके.

"काहून सोडून राहिल्या इंदूबाई? आम्ही काय कमी केलं?"

"सांबार कमी केलं काकाजी," इंदूबाई म्हणाल्या, आणि झारा धुऊन जागेवर ठेवला.

इंदूबाईंचं घर हुडकेश्वरला. तिथे गेल्या दहा वर्षांत इतक्या इमारती उठल्या आहेत, की जुना पत्ता सांगून माणूस सापडत नाही. एवढे फ्लॅट, एवढी माणसं, आणि धड फराळाचं दुकान एकही नाही. इंदूबाईंनी चौकाजवळ आनंदराव नावाच्या निवृत्त ओव्हरसियरचा एक गाळा ठरवला. आत ओटा बांधून घेतला, भिंतींना पिवळा रंग दिला. सांबार स्वस्त आणि कोवळं मिळतं ते थंडीतच, म्हणून संक्रांतीच्या आत दुकान उघडायचं त्यांनी मनाशी धरलं. तेव्हाच ती नोटीस आली. आणि महालातली बातमी हुडकेश्वरला पोचायला बसपेक्षा कमी वेळ लागतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आनंदरावही आले. त्यांचं म्हणणं सभ्य होतं. त्यांनी आयुष्यभर कोर्टाची पायरी चढलेली नव्हती आणि निवृत्तीनंतर ती चढायची त्यांची इच्छा नव्हती. बारा जानेवारीपर्यंत हे निस्तरलं तर गाळा इंदूबाईंचा, नाही तर मोबाइलचे कव्हर विकणारा एक मुलगा वाट पाहत होता.

बावन्नाव्या वर्षी दुसरा गाळा सापडेल, दुसरी थंडी येईल, असं सांगणारे शेजारी होतेच. पण इंदूबाईंना दुसरं काही करता येत नव्हतं, आणि जे येत होतं त्यालाच बंदी होती.

मेघाने आईला प्रताप नगरला वकील चारुशीला मेश्राम यांच्याकडे नेलं. खाली मॅचिंग सेंटर आणि वर वकिलीण, असं ते ऑफिस. चारुशीलाबाई चाळिशीच्या, आवाज बारीक, आणि समोरच्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत गप्प राहायची सवय. ही सवय त्या धंद्यात दुर्मीळ असल्यामुळे लोक त्यांना साध्या समजत.

त्यांनी नोटीस वाचून विचारलं, की सौरवने सगळ्यांकडून जो करार करून घेतला आणि ज्याच्या आधारावर ही नोटीस आहे, त्यावर सही इंदूबाईंचीच आहे ना.

"माहीच आहे."

"वाचून केली?"

"इंग्रजी होता तो. मी सातवीपर्यंत शिकली, तेही मराठीत."

"मग काय समजून केली, मावशी?"

"पेढे आणले होते," इंदूबाई म्हणाल्या. "मले वाटलं, काही चांगलंच असन."

करार सौरवने इंटरनेटवरून उतरवला होता, आणि मूळचा तो कुठल्या तरी सॉफ्टवेअर कंपनीचा असावा. कारण त्यात कर्मचाऱ्याने जाताना लॅपटॉप परत करायचा होता, सोर्स कोड कोणाला सांगायचा नव्हता आणि घरून काम करायचं असल्यास मॅनेजरची पूर्वपरवानगी घ्यायची होती. इंदूबाईंच्या मनाला हे लागलं. त्यांच्याकडे लॅपटॉप नव्हता हे खरं, पण आखाडीच्या सणाला त्या दोन डबे घरून करून नेत, ते परवानगीशिवाय.

चारुशीलाबाईंनी त्यांना समजावलं. करार म्हणजे काही स्टॅम्प पेपर नाही. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने हो म्हणायचं, दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने हो म्हणायचं, कोणी कोणाचा हात पिरगळायचा नाही, आणि दोघांनाही त्यात काहीतरी मिळायला पाहिजे. इंदूबाईंना सही करून काय मिळालं? पगार तोच होता, काम तेच होतं. इंदूबाई विचार करून म्हणाल्या, पेढा मिळाला. अर्धाच खाल्ला, कारण साखर आहे. चारुशीलाबाईंनी ते लिहून घेतलं, पण पेढ्यावर आपण फार विसंबायचं नाही असंही सांगितलं. चालू नोकरी हाच मोबदला होता असं समोरचे म्हणतील. आपला आधार दुसरा. करार कायद्यातलं सत्ताविसावं कलम. नोकरीत असेपर्यंत दुसरीकडे काम करू नकोस असं मालकाला म्हणता येतं. नोकरी सोडल्यावर आपला धंदाच करू नकोस, असं म्हणता येत नाही. तसं लिहून घेतलं तरी तो कागद रद्दी. दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजाने लिहून ठेवलंय.

"मग झालं," इंदूबाई म्हणाल्या. "हे त्यायले सांगून द्या."

"त्यांना माहीत आहे."

"मग नोटीस काहून पाठवली?"

"तुम्हाला माहीत नाही म्हणून."

नोटिशीला उत्तर गेलं. त्यावर भुसाऱ्यांनी गप्प बसायला हवं होतं, पण सौरवने गोपाळरावांना पटवलं, की एक असोसिएट गेली आणि काही झालं नाही, तर उद्या भट्टीवरचे उरलेले तेराच्या तेरा जातील. मग दावा पडला. त्यासोबत अर्ज होता, की निकाल लागेपर्यंत इंदूबाईंनी सांबारवडीला हात लावू नये असा तात्पुरता मनाई हुकूम द्यावा. भुसाऱ्यांकडून वकील होते कृष्णकांत आकरे. पस्तीस वर्षांची वकिली, रुपेरी केस, आणि बोलायला उभे राहिले की पंख्याचा आवाज कमी वाटावा असा गळा. ते कोर्टात शेवटचं पान वाचत नसत. शेवटच्या पानावर सह्या असतात, आणि सह्या वाचायच्या नसतात, असं ते ज्युनियर लोकांना शिकवत.

चारुशीलाबाई मात्र शेवटच्या पानापासून सुरुवात करत.

दाव्याला कराराची झेरॉक्स जोडली होती. पहिल्या पानावर 'यांच्यात करण्यात आला' याच्या आगेमागे दोन्ही पक्षांची नावं लिहायच्या जागा होत्या, त्या कोऱ्या. शेवटच्या पानावर डावीकडे 'मालक' आणि उजवीकडे 'कर्मचारी'. डावीकडे, मालकाच्या ओळीवर, सातवीच्या वळणदार अक्षरात सही होती: इंदू रामाजी पराते. उजवीकडे, कर्मचाऱ्याच्या ओळीवर: गोपाळराव नारायणराव भुसारी.

चारुशीलाबाईंनी चष्मा पुसला. मग त्यांनी इंदूबाईंना फोन करून लगेच बोलावलं आणि विचारलं, की त्या दिवशी नेमकं काय काय झालं ते पेढ्याच्या आधीपासून सांगा.

झालं होतं ते असं. गुरुपुष्य होता. भुसाऱ्यांच्या गुरुजींनी सही करायला दहा वाजून सात मिनिटं ते दहा वाजून एकोणीस मिनिटं, एवढाच वेळ दिला होता. चौदा करार देवासमोर ठेवून त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं. आता, भुसाऱ्यांच्या घरात एक रीत आहे. उजवी बाजू लक्ष्मीची. शटर दोन असली तरी उजवं आधी उघडतात. तराजूत माल नेहमी उजव्या पारड्यात, वजनं डाव्या. गोपाळरावांच्या वडिलांनी फेरफाराच्या अर्जावरही उजवीकडेच सही केली होती, आणि तलाठ्याने ती मान्य केली होती. गोपाळरावांनी मुहूर्तावर पहिली सही आपली म्हणून पेन उचललं आणि चौदाही कागदांवर उजवीकडे दणादण सह्या ठोकल्या. इतरांसाठी डावीकडची जागा राहिली. त्यांनी डावीकडे केल्या. सौरव या सगळ्याचं रील काढत होता. दहा वाजून एकोणीस मिनिटांनी शंख वाजला, कागद तिजोरीत गेले, पेढे वाटले गेले. कोऱ्या जागा नंतर भरायच्या होत्या, पण मुहूर्त गेल्यावर त्यात लिहायला सौरवला काकाने मनाई केली.

"म्हणजे चौदाही कागद असेच?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

"असेच. सगळ्यायच्या सह्या इकडून."

थोडक्यात, कागदोपत्री भुसारी फराळ भांडारात चौदा मालक होते आणि एकच नोकर होता. आणि त्या एकट्या नोकराला त्याच्या एका मालकिणीने, चार ओळींचं पत्र देऊन, महिन्याच्या नोटिशीने कामावरून काढलं होतं.

चारुशीलाबाईंनी उत्तर लिहिलं. पहिल्या परिच्छेदात त्यांनी म्हटलं, की ही अटच कायद्याने रद्द आहे, सबब अर्ज फेटाळावा. दुसऱ्या परिच्छेदात त्यांनी नम्रपणे म्हटलं, की तरीही कोर्टाला ही अट ग्राह्य वाटली, तर ती ज्याने कर्मचारी म्हणून सही केली त्याला लागू होते. म्हणून श्री. गोपाळराव भुसारी यांना तीन वर्षं, नागपूरच्या सभोवार शंभर किलोमीटरच्या आत, सांबारवडी करण्यास व विकण्यास मनाई करावी. सोबत तसा प्रतिदावा आणि अर्ज. लॅपटॉपही परत मागितला होता. ते मेघाने सुचवलं.

हे कागद भुसाऱ्यांकडे पोचले तेव्हा अधिवेशनाची गर्दी नुकतीच ओसरली होती आणि दुकानात संक्रांतीच्या ऑर्डरी चालू होत्या. असं सांगतात, की सौरवने ते तीनदा वाचले आणि काकाला न दाखवता तो तडक आकरे वकिलांकडे गेला. आकरे वकिलांनी पस्तीस वर्षांत प्रथमच शेवटचं पान उघडलं. मग त्यांनी गोपाळरावांना बोलावून घेतलं आणि सौम्यपणे विचारलं, की तुम्ही उजवीकडे सही का केली.

"मग काय डावीकडे करू?" गोपाळराव म्हणाले.

आकरे वकिलांनी शेवटचं पान मिटलं.

सुनावणी नऊ जानेवारीला होती. आनंदरावांची मुदत संपायला तीन दिवस होते, आणि मोबाइल कव्हरवाला मुलगा गाळ्याचं माप घेऊन गेला होता. इंदूबाई जरीकाठाची साडी नेसून आल्या. कोर्टात एवढी गर्दी कशाची म्हणून शिपायाने विचारलं, तेव्हा कळलं, की भुसाऱ्यांच्या भट्टीवरचे उरलेले तेराही जण अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आले होते. सुट्टी कोणी दिली, असं सौरवने विचारलं. त्यांच्यातला सर्वांत जुना, कढईवरचा विश्वनाथ, म्हणाला की मालकांनीच घेतली.

न्यायाधीश पन्नाशीचे, थकल्या डोळ्यांचे गृहस्थ होते. सकाळपासून त्यांनी भिंतीचे तीन आणि बोळाचा एक असे वाद ऐकले होते. त्यांनी फाइल उघडली, शेवटचं पान पाहिलं, पहिलं पान पाहिलं, पुन्हा शेवटचं पाहिलं आणि पाण्याचा ग्लास उचलला.

आकरे वकील उभे राहिले. त्यांनी आधी सांगितलं, की सह्यांच्या जागेची ही निव्वळ चूक आहे, दोन्ही बाजूंकडून झालेली, त्यामागचा हेतू सर्वांना स्वच्छ ठाऊक आहे. चारुशीलाबाई म्हणाल्या, विद्वान मित्रांचं मला मान्य आहे. आपण कोण म्हणून सही करतो आहोत हेच दोघांनाही कळलं नव्हतं. अशी दोघांची मिळून मुळातच चूक असेल, तर विसावं कलम सांगतं की तो करारच नव्हे. मग दावा कशावर उभा आहे? आकरे वकिलांनी ती चूक तत्परतेने मागे घेतली. करार पक्का आहे, ते म्हणाले. चारुशीलाबाई म्हणाल्या, मग माझा अर्ज मंजूर व्हावा, आणि भुसारी फराळ भांडाराची सांबारवडी आज दुपारपासून बंद व्हावी.

मागच्या बाकावर गोपाळराव हलले. बाक जुना होता, तोही हलला.

"वकीलसाहेब," न्यायाधीश म्हणाले, "तुमचं म्हणणं नेमकं काय आहे? ही अट चांगली आहे की वाईट?"

कृष्णकांत आकरे यांनी कोट सारखा केला. अशिलाचं दुकान वाचवायचं असेल तर एकच दार उघडं आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं, आणि त्या दाराकडे जायला ते माणूस म्हणून मोकळे होते की नाही, याचा त्यांनी क्षणभर विचार केला. मग ते जे बोलले, ते त्या दिवशी कोर्टात हजर असलेले लोक अजून सांगतात. ते म्हणाले, माणसाच्या हातातली कला ही कोणाच्या तिजोरीत ठेवता येत नाही. ज्याने आयुष्य एका कढईपुढे घालवलं, त्याला ती कढई सोडून शंभर किलोमीटर जा म्हणणं हे पोटावर पाय देणं आहे. कायद्याने हे दीडशे वर्षांपूर्वीच ओळखलं. सत्ताविसावं कलम, साहेब. धंद्याला आडवी येणारी अट, ती कोणी लिहो, कोणी सही करो, तेवढ्यापुरती रद्दच आहे. वीस मिनिटं ते बोलत होते. त्यांनी उच्च न्यायालयांचे निवाडे दिले, सर्वोच्च न्यायालयाचे दिले. एके ठिकाणी त्यांचा स्वतःचाच आवाज भरून आला. गोपाळरावांनी उपरण्याने डोळे टिपले.

इंदूबाई भारावून ऐकत होत्या. त्यांनी चारुशीलाबाईंच्या कानाशी लागून विचारलं, "किती चांगलं बोलून राहिला वं हा. आपला आहे का?"

"आत्ता झाला," चारुशीलाबाई म्हणाल्या.

आकरे वकील बसले. न्यायाधीशांनी चारुशीलाबाईंकडे पाहिलं. त्या उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, की विद्वान मित्रांच्या युक्तिवादात मला एका शब्दाचीही भर घालायची नाही. तो मी माझाच समजते.

आदेश छोटा होता. नोकरी संपल्यावर धंदा करण्यास मनाई करणारी अट, डावीकडच्याला लावा की उजवीकडच्याला, कोणालाही लावता येत नाही. वादीचा अर्ज नामंजूर. प्रतिवादीचा अर्जही नामंजूर. दाव्याचं पुढे काय करायचं, याचा वादीने घरी जाऊन विचार करावा, असा सल्ला न्यायाधीशांनी आदेशाबाहेर दिला. भुसाऱ्यांनी त्याच आठवड्यात दावा मागे घेतला. इंदूबाईंनी आपला घेतला. लॅपटॉपची मागणी मेघाने दोन दिवस उशिरा सोडली.

कोर्टाबाहेर चिंचेखाली गोपाळराव एकटे उभे होते. सौरव गाडी काढायला गेला होता आणि बराच वेळ काढत होता. इंदूबाई त्यांच्यापाशी गेल्या. एकोणीस वर्षांची ओळख, न बोलता पुढे कसं जायचं.

"इंदूबाई," गोपाळराव म्हणाले, "तुम्ही खरंच माहं दुकान बंद पाडाले निघाल्या होत्या का?"

"नाही काकाजी. पंधरा दिवस मालक होती ना मी. म्हटलं पाहू, कसं वाटते ते."

"मग कसं वाटलं?"

"झोप लागत नाही."

गोपाळरावांनी मान हलवली. हे त्यांना चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं, पण समजून घेणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं होतं. मग ते हळूच म्हणाले, की पत्ताकोबी बंद केली आहे. इंदूबाई म्हणाल्या, माहीत आहे, विश्वनाथने सांगितलं.

विश्वनाथने आणखीही एक गोष्ट केली होती. त्याने काकाजींपुढे जाऊन, टोपी हातात घेऊन, अतिशय आदराने सांगितलं, की आम्ही तेराजण अजून तुमचे मालक आहोत. आम्हाला ते नको आहे. आम्हाला एका पानाचा कागद पाहिजे, मराठीत: काम काय, पगार किती, सुट्टी कोणत्या वारी, आजारी पडलो तर काय. तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, समजला का विचारायचं, आणि मगच सह्या. गोपाळरावांनी तो करून दिला. वाचायला चारुशीलाबाईंना बोलावलं, फी देऊन. वाचून व्हायला पाऊण तास लागला, कारण लोक मधेमधे शंका काढत होते आणि त्या खऱ्या निघत होत्या. आठवड्याची सुट्टी त्यातच मिळाली. सौरवने त्याचंही रील काढलं, पण या वेळी एक प्रत स्वतःसाठी मागून घेतली. त्यालाही आजवर नेमणुकीचं पत्र नव्हतं, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

बारा जानेवारीला सकाळी नऊ वाजता आनंदरावांनी स्वतःच्या हाताने गाळ्याचं कुलूप उघडलं आणि आपण आधीपासूनच इंदूबाईंच्या बाजूने होतो, असं चौकातल्या सगळ्यांना सांगितलं. कॉटन मार्केटमधून साठ जुड्या आल्या होत्या, ओल्या गोणपाटात. मेघा आणि शेजारच्या दोघी निवडायला बसल्या. इंदूबाईंनी पहिली पारी लाटली, त्यात सारण भरलं, एवढं भरलं की घडी मिटेना. मग थोडं दाबलं आणि मिटवलीच. तेल तापलं होतं. वास चौकात गेला, तिथून वर फ्लॅटमध्ये गेला, आणि गॅलऱ्यांत माणसं यायला लागली.

अकरा वाजता रांग गाळ्याच्या पायरीवरून औषधाच्या दुकानापर्यंत होती. साडेबाराला ती वळून मागच्या गल्लीत शिरली. महालातून खास रिक्षा करून आलेली दोन जुनी गिऱ्हाइकं होती. दोघांनी कढी मागितली, उभ्याने खाल्लं आणि बोलले नाहीत. नागपुरात खाताना माणूस बोलला नाही, की पदार्थ चांगला झाला असं धरायचं. दीड वाजता परात रिकामी झाली.

पावणेदोनला एक काळा कोट घाईघाईने आला. कृष्णकांत आकरे. कोर्टातून मधल्या सुट्टीत स्कूटर काढून आले होते, हातात स्टीलचा डबा होता. इंदूबाईंनी परात उपडी करून दाखवली.

"उद्या याल काय साहेब? पहिला घाणा तुमचा."

"उद्या तारीख आहे," आकरे म्हणाले. "परवा?"

"परवा तं परवा. किती ठेवू?"

"चोवीस." मग त्यांनी जरा घुटमळून विचारलं, "आत सांबार पूर्ण असतं ना?"

इंदूबाईंनी त्यांना आत बोलावलं, पंख्याखाली पसरलेल्या हिरव्या ढिगापाशी उभं केलं, आणि मेघाला म्हणाल्या, "मेघे, साहेबायले खुर्ची दे. आणि एक जुडीही दे. बसल्या बसल्या निवडू दे त्यायले."

आकरे वकिलांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि कोर्टाची वेळ होईपर्यंत देठं खुडत बसले.